पिंजारघाटावरचे आम्ही

गेल्या वर्षी माझ्या पुतणीला डिप्लोमाच्या प्रवेशासाठी जातीचा दाखला हवा होता. ओबीसी, जात पिंजारी. मला वाटलं, यात अवघड ते काय? आमच्या घरात तीन पिढ्या कापूस पिंजला गेला. माझे दादा, म्हणजे अब्बांचे वडील, यांच्या छातीत तो कापूस शेवटच्या दिवसापर्यंत खरखरत होता. आणि जुन्या नाशकातल्या ज्या भागात आमचं घर होतं त्याचं नावच पिंजारघाट. आणखी कसला पुरावा हवा?

हवा होता. ओबीसीच्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा कागद लागतो. मी दादांचा शाळा सोडल्याचा दाखला काढून नेला. खिडकीवरच्या मुलाने तो उलटसुलट पाहिला आणि म्हणाला, "काका, इथं नुसतं मुसलमान लिहिलंय. पिंजारी कुठंय?"

दुसऱ्या दिवशी दादांच्या धाकट्या भावाचा कागद नेला. त्यावर जातीच्या रकान्यात 'शेख' होतं.

त्या मुलाचा काही दोष नव्हता. तो कागद वाचत होता आणि कागदावर आम्ही नव्हतोच. घरी येताना मी पिंजारघाटाच्या रस्त्याने आलो. पाटीवर आमचं नाव होतं. रजिस्टरात नव्हतं. हे असं कसं झालं, हे शोधता शोधता जे हाती लागलं ते इथे लिहितो आहे. इतिहास म्हटला की आपल्यात लगेच बादशहा आणि सुलतान आठवतात. हा त्यांचा इतिहास नाही.

गल्ल्यांची नावं

जुन्या नाशकात एक चक्कर मारा आणि फक्त नावं वाचा. काझीपुरा, कोकणीपुरा, मुलतानपुरा, बागवानपुरा, नाईकवाडीपुरा, पिंजारघाट. कोणी न्यायनिवाडा आणि निकाह लावणारे, कोणी कोकणातून घाट चढून आलेले, कोणी भाजी-फळं विकणारे, कोणी कापूस पिंजणारे. नाशिकच्या मुसलमानांचा इतिहास आधी या नावांमध्ये आहे, पुस्तकात नंतर.

मोगल अमलात या शहराचं नाव गुलशनाबाद होतं. अठराव्या शतकात पेशव्यांकडे शहर गेल्यावर नाशिक हे जुनं नाव परत आलं. पण गंमत पाहा, पेशवाईत इथल्या टाकसाळीत जे रुपये पडत त्यांच्यावर फारसी अक्षरांत टाकसाळीचं नाव गुलशनाबादच राहिलं. सरकार बदललं, बाजारात चालणारं नाणं बदलायची कोणाला घाई नव्हती. शहरं अशीच चालतात.

पिंजारघाटाच्या रस्त्यावरच हजरत सय्यद सादिकशाह हुसैनी यांचा दर्गा आहे. नाशिककर त्याला बडी दर्गा म्हणतात. उरुसाला तिथे जे लोक येतात त्यांच्यात टोपीवाले किती आणि टिळेवाले किती, हे मोजायचा प्रयत्न कोणी करत नाही. गोदावरीकाठी सिंहस्थ भरणाऱ्या या शहरात आम्ही कायम अल्पसंख्य होतो, आहोत. पण पाहुणे कधीच नव्हतो.

मुसलमान इथे कसे आले, याची दोन उत्तरं शाळेपासून ऐकत आलो. एक उत्तर म्हणतं तलवारीने आले. दुसरं, आपल्याच घरातलं उत्तर, म्हणतं की आपले पूर्वज अरबस्तान-इराणातून आले. या दोन्ही उत्तरांत पिंजारी कुठे बसतो? तो घोड्यावरूनही आला नाही आणि गलबतातूनही नाही. इंग्रजी अमलातल्या गॅझेटियरांनीही पिंजाऱ्यांना इथल्याच मातीतले, धर्म बदललेले लोक म्हटलं आहे. आमच्या लग्नांत हळद लागते, बायका जात्यावरच्या चालीत गाणी म्हणतात, दादी सणाला पुरण वाटायची. यासाठी गॅझेटियर वाचायची गरज नाही.

पिंजण

ज्यांनी हे काम पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. पुरुषभर उंचीची एक जड लाकडी कमान, तिला जनावराच्या आतड्यापासून केलेली तात ताणून बांधलेली. कमान छताला किंवा आडव्या बांबूला दोरीने टांगायची, म्हणजे तिचं वजन हातावर येत नाही. तात कापसाच्या ढिगाला टेकवायची आणि दुसऱ्या हातातल्या लाकडी ठोकळ्याने तिच्यावर घाव घालायचा. तात थरथरते, कापसाच्या गाठी सुटतात, कचरा खाली पडतो आणि तंतू फुलून वर उडतात. एक गादी पिंजायला निम्मा दिवस जायचा. तो तुणतुणल्यासारखा आवाज गल्लीच्या तोंडाशी ऐकू यायचा. आमच्याकडे लहान मुलं त्या आवाजाने झोपायची आणि तो थांबला की जागी व्हायची.

पावसाळ्यात काम बंद, कारण दमट कापूस फुलत नाही. नवरात्रापासून हंगाम सुरू. दिवाळीच्या साफसफाईत पंचवटीतले आणि रविवार कारंज्याकडचे वाडे गाद्या उसवायला बोलवायचे. दादा कमान खांद्यावर टाकून निघायचे. वाड्याच्या अंगणात बसून जुनी गादी उसवायची, कापूस पिंजायचा, नवं कापड शिवून तो भरायचा आणि दाभणाने टाके घालायचे. लग्नसराईत मुलीला द्यायच्या गाद्या, उशा, रजया. सिंहस्थाच्या वर्षी तर धर्मशाळांचं काम आधीच्या उन्हाळ्यापासून यायचं. यात्रेकरू कुठलाही असो, त्याच्या पाठीखाली अंथरूण आमच्या हातचं असायचं.

दादी सांगायची, काही घरांत पाणी वरून ओतून मिळायचं. तरीही त्याच घरातली सून बाळंतपणाला माहेरी जाताना बाळाच्या दुपट्याचा कापूस "चाचांकडूनच" पिंजून घ्यायची. या दोन्ही गोष्टी एकाच अंगणात घडत होत्या. एक सांगून दुसरी लपवली तर इतिहास खोटा होईल.

या कामाचा अभिमान बाळगायला आमच्या लोकांकडे एक मोठं नावही होतं. बगदादचे सूफी मन्सूर, ज्यांना इसवी सन ९२२ मध्ये मृत्युदंड दिला गेला, ते 'हल्लाज' म्हणून ओळखले जातात. अरबीत हल्लाज म्हणजे कापूस पिंजणारा. उत्तरेकडच्या आणि गुजरातेतल्या धुनियांनी म्हणूनच स्वतःला मन्सुरी म्हणायला सुरुवात केली. राजस्थानातले संत दादू दयाळ हेही धुनिया होते, असं परंपरा सांगते. म्हणजे ज्या कामाला गावाने हलकं म्हटलं त्या कामातून एक सूफी आणि एक संत निघाले.

काम गेलं कसं

आमच्या घरात समजूत अशी होती की फोमच्या गाद्या आल्या आणि धंदा बसला. ते शेवटचं पान झालं. पुस्तक त्याच्या शंभर वर्षं आधी सुरू झालं होतं.

पूर्वी पिंजारी फक्त गाद्यांसाठी पिंजत नव्हता. घराघरांत चरखा होता, आणि चरख्यावर सूत काढायचं तर आधी कापूस पिंजावाच लागतो. त्याशिवाय पेळू बनत नाही. शेतकरी, पिंजारी, सूत काढणाऱ्या बायका, विणकर अशी ती साखळी होती. अमेरिकेत १८६१ साली यादवी युद्ध सुरू झालं, तिकडचा कापूस अडला आणि इंग्लंडच्या गिरण्यांना हिंदुस्थानचा कापूस हवा झाला. खानदेशात कापसाला सोन्याचा भाव आला. रेल्वे आली, १८६५ मध्ये थळ घाटाचा मार्ग खुला झाला आणि कापूस थेट मुंबईच्या बंदरात जाऊ लागला. मग वाफेवरचे जिन आणि प्रेस आले. मुंबईत गिरण्या उभ्या राहिल्या. गिरणीत कापूस पिंजायचं काम यंत्रच करतं. गावात गिरणीचं स्वस्त सूत आलं, चरखे माळ्यावर गेले आणि साखळीतला पिंजारी मधल्या मधे गळून पडला. विणकर निदान गिरणीचं सूत घेऊन विणत राहिला. आमच्याच जिल्ह्यातल्या मालेगावात उत्तरेकडून आलेले मोमीन विणकर वाढले, पुढे त्यांच्या हातमागांचे यंत्रमाग झाले आणि त्यांच्याभोवती शहर मोठं झालं. पिंजाऱ्याच्या कमानीचं तसं काही झालं नाही. त्याच्या वाट्याला फक्त गादी उरली.

मध्ये एकदा त्याची किंमत देशाला कळली होती. गांधीजींना आश्रमात खादी सुरू करायची होती तेव्हा चरखा मिळाला, पण पेळूसाठी कापूस पिंजणारा मिळेना. त्यांच्या आत्मकथेत हा प्रसंग आहे. गंगाबेनने शेवटी एक पिंजारी शोधला आणि त्याने महिना पस्तीस रुपये मागितले. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती, पण गांधीजींनी ती जास्त मानली नाही. पुढे आश्रमातली मंडळी स्वतः पिंजायला शिकली. खादीच्या इतिहासात चरख्याचं चित्र सगळीकडे आहे, पिंजणाचं क्वचितच दिसतं. पण पिंजणाशिवाय चरख्याला सूत नाही, हे त्या पस्तीस रुपयांनी सांगून ठेवलं आहे.

आमच्या घरात कमान शेवटची चालली ती २००३ च्या सिंहस्थाच्या आधी. नंतर अब्बांनी विजेवरचं पिंजण्याचं यंत्र घेतलं, तेही पाच-सहा वर्षं चाललं. आज हंगामात हातगाडीवर यंत्र घेऊन फिरणारे बहुतेक उत्तर प्रदेश-बिहारचे तरुण असतात. आमची मुलं सातपूर-अंबडच्या कारखान्यांत, गॅरेजात, सोफ्याच्या कामात, रिक्षावर गेली. घाटावरची घरं अपुरी पडली तशी कुटुंबं वडाळा, पखाल रोड अशी पसरत गेली. बिरादरी वाढली, पण जिथे एकत्र बसून तिच्या गोष्टी सांगितल्या जायच्या ते अंगण गेलं.

नाव गेलं कसं

आता त्या रजिस्टराकडे येतो. 'मुसलमान' समजू शकतो. मास्तरांनी नाव ऐकलं, तेवढंच लिहिलं. पण 'शेख' कोणी लिहिलं?

उत्तर माझ्या फुफींनी दिलं. त्या आता ऐंशीच्या पुढे आहेत. त्या म्हणाल्या, "तेरे दादाच बोले मास्तर को, शेख लिखो. पिंजारी लिखे तो बच्चे चिढाते."

मला आधी राग आला. मग लाज वाटली, रागाची. दादांनी काही फसवाफसवी केली नव्हती. त्यांना आपल्या भावाला वर्गात पुढच्या बाकावर बसलेला पाहायचं होतं.

इस्लाममध्ये जात नाही, हे आपण सगळेच सांगतो. मशिदीत सफ एकच असते, हे खरंच आहे आणि त्याची किंमत मी कमी करणार नाही. पण सफेतून उठून सोयरीक करायला निघालो की काय होतं, हेही आपल्याला माहीत आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४० साली पाकिस्तानच्या प्रश्नावर जे पुस्तक लिहिलं त्यात १९०१ च्या बंगालच्या जनगणनेचा दाखला आहे. मुसलमानांमध्ये अश्रफ आणि अजलाफ असे थर आहेत, आणि खालच्या थरात विणकर, शिंपी, धुनिया अशा कष्टकऱ्यांची यादी आहे. ते वाचताना आपल्याबद्दल कोणीतरी बाहेरचं बोलतंय असं वाटत नाही. आपल्याच दालानातलं बोलणं ऐकल्यासारखं वाटतं. म्हणून कोणी शेख झालं, कोणी मन्सुरी झालं, कोणी आडनावच टाकलं. इज्जतीसाठी नाव सोडलं. त्या वेळी तोच रस्ता उघडा होता.

मग काळ फिरला. मंडल आयोगाच्या शिफारशी १९९० मध्ये लागू झाल्या आणि १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या मान्य केल्या. महाराष्ट्रात त्याच्याही आधीपासून जालन्याचे शब्बीर अन्सारी मुस्लिम ओबीसींची संघटना बांधत गावोगाव फिरत होते. मागणी साधी होती. हिंदू शिंप्याला, हिंदू विणकराला जे मिळतं ते त्याच कामाच्या, तितक्याच गरीब मुसलमानालाही मिळावं. आरक्षण धर्मावर नको, मागासलेपणावर हवं. या चळवळीच्या मंचावर एक माणूस येऊन उभा राहिला तेव्हा गर्दी लोटली. ते दिलीपकुमार होते. नाशिककरांना त्याचं वेगळं अप्रूप, कारण युसूफ खान नावाचा तो फळांच्या व्यापाऱ्याचा मुलगा आमच्या देवळालीच्या बार्न्स शाळेत शिकला होता. १९९४ साली राज्य सरकारने निर्णय काढला आणि मुसलमानांमधल्या अनेक कष्टकरी बिरादऱ्यांना ओबीसीच्या सवलतींचा रस्ता मोकळा झाला.

म्हणजे ज्या नावाची दादांना लाज वाटावी अशी जगाने व्यवस्था केली होती, त्याच नावावर त्यांच्या पणतीला शिक्षणाचा हक्क मिळणार होता. फक्त ते नाव कागदावर दाखवायचं होतं. आणि कागदावर आम्हीच ते पुसलं होतं.

कोतवाल बुकातली एक ओळ

फुफींनीच पुढचा धागा दिला. नाशकात येण्याआधी आमचं घर निफाड तालुक्यातल्या एका गावात होतं. गावचा कोतवाल जन्म-मृत्यूच्या नोंदी ठेवायचा. त्या वह्या आता तहसीलच्या अभिलेख कक्षात असतात आणि जुन्या नोंदी बऱ्याचदा मोडीत असतात. मराठा-कुणबी नोंदींच्या शोधामुळे गेल्या काही वर्षांत मोडी वाचणाऱ्यांना पुन्हा मान आला आहे. मलाही असेच एक निवृत्त गुरुजी भेटले. नक्कल हातात घेऊन त्यांनी बोट ओळीवरून सरकवलं आणि थांबले. दादांच्या सख्ख्या बहिणीच्या जन्माची नोंद होती, १९२० च्या दशकातली. बापाचं नाव, गावाचं नाव आणि पुढच्या रकान्यात चार अक्षरांसारखं एक वळण. गुरुजी म्हणाले, "पिंजारी. स्पष्ट आहे."

ती बहीण लहानपणीच वारली होती. घरात तिचा फोटो नाही, कबर कुठली ते कोणाला माहीत नाही. तिच्या जन्माच्या एका ओळीवर आज तिच्या भावाच्या पणतीला दाखला मिळाला. मुलींच्या जन्माची नोंद कशाला, असं त्या कोतवालाला वाटलं नाही, याबद्दल मी त्या अनोळखी माणसाचा ऋणी आहे.

हे सगळं आत्ताच लिहायचं आणखी एक कारण आहे. जातवार मोजणीचे आकडे देशात १९३१ च्या जनगणनेनंतर आलेले नाहीत, अनुसूचित जाती-जमाती सोडून. म्हणून २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात मुसलमान ११.५४ टक्के आहेत हे कळतं, पण त्यात पिंजारी किती, बागवान किती, अत्तार किती, त्यांची मुलं कितवीपर्यंत शिकली, हे कळत नाही. सच्चर समितीने २००६ मध्ये आणि पुढे राज्याने नेमलेल्या महमूदुर रहमान समितीने मुसलमानांच्या मागासलेपणाचं चित्र दाखवलं. पण त्या चित्रातले छोटे चेहरे अजूनही पुसटच आहेत. केंद्राने ३० एप्रिल २०२५ रोजी जाहीर केलं की येत्या जनगणनेत जात नोंदवली जाईल. म्हणजे प्रगणक आपल्याही दारात येऊन विचारणार.

तेव्हा आपण काय सांगणार? आमच्या घरात यावर वाद झाला. चुलतभाऊ म्हणाला, "फक्त मुसलमान सांगायचं. आपण विभागलो तर आणखी कमजोर होऊ." त्याची भीती खोटी नाही. आजच्या हवेत ती भीती कोणाला नसेल? पण मी त्याला म्हणालो, आपण आधीच वेगवेगळे आहोत, फक्त मोजलेले नाही. जो मोजला जात नाही त्याच्यासाठी योजना होत नाही आणि त्याच्या नावाची खुर्चीही राहत नाही. धर्माच्या रकान्यात इस्लाम आणि जातीच्या रकान्यात पिंजारी, या दोन्हींत मला भांडण दिसत नाही. पहिलं माझं ईमान आहे, दुसरं माझ्या दादांचे हात आहेत.

तो पटून गप्प बसला की जेवण वाढलं म्हणून, ते मला सांगता येणार नाही.

वाचकांना एक विनंती. घरातली पत्र्याची पेटी उघडा. शाळेचे दाखले, भाडेपावत्या, जुनी निकाहनामे, गावाकडच्या वह्यांच्या नकला पाहा. जे बुजुर्ग अजून आहेत त्यांच्याजवळ एक संध्याकाळ बसा आणि विचारा, आपण काय काम करायचो, कुठल्या गावचे, शाळेत कोणी काय लिहिलं. बिगरमुस्लिम वाचकांनाही सांगतो, तुमच्या आजीला विचारा, गादी पिंजायला कोण यायचं. तिला नाव आठवेल. आमच्या इतिहासाचा काही भाग तुमच्या घरातही ठेवलेला आहे.

पुतणीचं कॉलेज सुरू झालं. परवा तिने विचारलं, "चाचा, पिंजण कसं दिसायचं?" कमान आम्ही कधीच विकून टाकली. तात वाजवायचा लाकडी ठोकळा मात्र माळ्यावर सापडला, मुठीजवळ झिजलेला. तिने तो हातात धरून पाहिला. दादांच्या बोटांची झीज तिच्या बोटांना मोठी होत होती.